सूक्ष्मरक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतील गुठळी: ती कशी टाळावी आणि झालीच तर काय करावे

बोटातील धमनी मुळाशी साधारण एक ते दीड मिलिमीटर रुंद असते आणि टोकाकडे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बारीक होत जाते. कडबाकुट्टीत किंवा पॉवर प्रेसखाली तुटलेले बोट परत जोडताना, किंवा तोंडाच्या कर्करोगात काढून टाकलेल्या जबड्याच्या जागी पोटरीचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह आणून बसवताना, सगळ्या शस्त्रक्रियेचा भार अशा दोन-तीन वाहिन्यांवर येऊन पडतो. हाड नीट जुळले, स्नायुबंध शिवले गेले, त्वचाही सुरेख बसली, आणि तरीही जोडाच्या जागी मोहरीच्या दाण्याएवढी गुठळी झाली, तर आठ तासांचे काम एका रात्रीत काळे पडते.

हा लेख प्लास्टिक सर्जरी आणि हाताच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेणारे रेसिडेंट, त्यांच्याबरोबर काम करणारे भूलतज्ज्ञ आणि रात्रभर फ्लॅपवर (म्हणजे रक्तवाहिन्यांसह दुसरीकडून आणून जोडलेल्या ऊतींवर) नजर ठेवणाऱ्या परिचारिका यांना समोर ठेवून लिहिला आहे. दिलेल्या मात्रा प्रौढ रुग्णांच्या आहेत; रुग्णाचे वजन, मूत्रपिंडाचे काम, रक्तस्रावाचा धोका आणि आपल्या विभागातील ठरलेली पद्धत पाहिल्याशिवाय त्यांतील कोणतीही मात्रा वापरू नये.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढील सगळे विवेचन तिच्याभोवती फिरते. हिपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने वाईट टाका चांगला होत नाही. या शस्त्रक्रियेत होणाऱ्या बहुतेक गुठळ्यांमागे हाताने केलेली किंवा डोळ्यांनी न पाहिलेली एखादी चूक असते, आणि औषध फार तर त्या चुकीची शिक्षा थोडी लांबवते.

गुठळी नेमकी कशामुळे होते

रुडॉल्फ व्हिर्चो यांनी १८५६ मध्ये मांडलेली तीन कारणे आजही पुरेशी आहेत: वाहिनीच्या आतल्या अस्तराला झालेली इजा, मंदावलेला प्रवाह आणि गोठण्याकडे झुकलेले रक्त. सूक्ष्मशस्त्रक्रियेत या तिघांचे वजन सारखे नसते. पहिली दोन कारणे शल्यचिकित्सकाच्या हातात असतात आणि बहुतेक वेळा तीच घात करतात. तिसरे रुग्ण स्वतःबरोबर घेऊन येतो आणि ते तुलनेने विरळ असते.

अस्तर फाटले की त्याखालील कोलॅजन उघडे पडते आणि काही मिनिटांत प्लेटलेट त्यावर चिकटू लागतात. प्रत्येक जोडावर हे थोडेफार होतेच, कारण सुई भिंतीतून जाणारच आणि धागा आत दिसणारच. जोड चांगला असेल आणि रक्त वेगाने वाहत असेल, तर हा पातळ थर वाढत नाही व हळूहळू विरतो. सुमारे पाच दिवसांत जोडावर तात्पुरते अस्तर तयार होते आणि एक ते दोन आठवड्यांत खरे अस्तर तेथे पसरते. म्हणून धोक्याचा काळ पहिल्या तीन ते पाच दिवसांचा असतो आणि त्यातही बहुतेक गुठळ्या पहिल्या ४८ तासांत होतात.

धमनीतील गुठळी मुख्यतः प्लेटलेटची, फिकट आणि चिकट असते. शिरेतील गुठळी फायब्रिन आणि लाल पेशींची, गडद असते. फ्लॅपमध्ये शिरेतील गुठळी अधिक वेळा आढळते, कारण शिरेतील दाब कमी, भिंत मऊ आणि पिळवटण्याची शक्यता जास्त. प्रवाहाचे गणितही लक्षात ठेवण्यासारखे आहे: नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह एक सोळांशावर येतो. आकसलेली धमनी किंवा टाक्यात चिमटली गेलेली भिंत किती महागात पडते, ते यावरून समजावे.

टेबलावर घेण्यापूर्वी

इतिहास घेताना काही प्रश्न नेमके विचारावेत. पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? घरात कोणाला कमी वयात झाली होती का? स्त्रियांना वारंवार झालेल्या गर्भपातांबद्दल आणि गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल विचारावे. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी आलेली रुग्ण टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगाचे औषध घेत असेल, तर कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ते शस्त्रक्रियेच्या दोन ते चार आठवडे आधी थांबवता येते का, हे पाहावे. प्रथिन सी, प्रथिन एस, अँटिथ्रॉम्बिन, फॅक्टर पाच लायडन किंवा अँटिफॉस्फोलिपिड यांच्या, म्हणजे रक्ताचा गोठण्याकडे असलेला कल दाखवणाऱ्या, तपासण्या सरसकट प्रत्येकाच्या करण्यात अर्थ नाही; इतिहासात खूण सापडली तरच त्या कराव्यात आणि मग रक्तविकारतज्ज्ञांना शस्त्रक्रियेआधी बोलवावे, नंतर नव्हे.

नियोजित शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत प्लेटलेटची वाढलेली संख्या आणि दाट रक्त नजरेतून सुटते, कारण आपला डोळा नेहमी कमी हिमोग्लोबिन शोधत असतो. विदर्भातून, विशेषतः गडचिरोलीकडून, आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या रुग्णाची सिकलसेल चाचणी करून घ्यावी. थंडी, पाण्याची कमतरता, टुर्निकेट (रक्त अडवणारा आवळपट्टा) आणि कमी प्राणवायू या सगळ्या गोष्टी आपण या शस्त्रक्रियेत सहज घडवून आणतो आणि सिकल पेशींना नेमक्या त्याच नकोशा असतात.

तंबाखूचा प्रश्न विचारताना ‘सिगारेट ओढता का?’ एवढ्यावर थांबू नये. आपल्याकडे मिसरी, चुना लावलेली तंबाखू आणि गुटखा ही तंबाखू आहे असे अनेकांना वाटतच नाही; दात घासायला मिसरी लावणाऱ्या बाईंनी ‘नाही’ म्हटले तर त्या खोटे बोलत नसतात. निकोटीन कोणत्याही वाटेने आत गेले तरी बारीक वाहिन्या आकसतात. जोडलेल्या बोटाला याचा फटका सर्वांत अधिक बसतो. म्हणून नातेवाइकांसमोर, प्रत्येक प्रकाराचे नाव घेऊन, विचारावे आणि बंद करायला सांगावे.

तुटलेले बोट घेऊन रुग्ण येत असेल, तर गुठळी टाळण्याचे काम फोनवरच सुरू होते. तुटलेला भाग स्वच्छ सलाइनने धुऊन, सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळावा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठतात आणि वाहिन्यांचे अस्तर कायमचे खराब होते. पाण्यात बुडवला तर ऊती फुगतात. बोटात स्नायू नसल्यामुळे ते उबदार हवेत सहा ते आठ तास आणि नीट थंड ठेवल्यास २४ तासांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, तग धरते. मनगटाच्या वरच्या भागात स्नायू असतात. तेथे उबदार अवस्थेतील सहा तास हीच मर्यादा मानावी. रक्ताविना फार काळ गेला, तर जोड उत्तम असूनही केशवाहिन्यांतून रक्त पुढे सरकत नाही. पेशी सुजतात, प्लेटलेट साचतात आणि जोडाच्या पलीकडचा सगळा प्रदेशच बंद पडतो. त्यावर टाका हा उपाय नाही.

जोड करताना

१९६० मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे ज्युलियस जेकबसन आणि अर्नेस्टो सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्या जोडून दाखवल्या आणि १९६५ मध्ये जपानमधील नारा येथे शिगेओ कोमात्सु व सुसुमु तमाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. तेव्हापासून सुया आणि धागे बारीक झाले, सूक्ष्मदर्शक सुधारले. जोडाचे नियम मात्र फारसे बदललेले नाहीत.

पहिला नियम निरोगी वाहिनीपर्यंत कापत जाण्याचा. ओढून तुटलेल्या बोटात धमनी स्प्रिंगसारखी वेटोळी दिसते आणि बोटाच्या कडेने त्वचेवर लाल रेघ उमटलेली असते. ही खूण म्हणजे आतले अस्तर लांबवर फाटले आहे. कापलेल्या तोंडातून पाहावे: अस्तर भिंतीपासून सुटले आहे का, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, भिंतीत रक्ताचे ठिपके आहेत का. यांपैकी काहीही दिसले तर आणखी कापावे. ‘एवढी चालून जाईल’ हा विचार ज्याच्या मनात येतो, तोच पहाटे तीन वाजता परत येऊन तेच बोट उघडतो. लांबी कमी पडली तर हाड पाच ते दहा मिलिमीटर आखूड करता येते किंवा मनगटाच्या आतल्या बाजूची शीर कलम म्हणून घेता येते. ती धमनीत बसवताना उलटी करावी, नाहीतर तिच्यातील झडपा प्रवाह अडवतात. काढल्याबरोबर तिच्या एका टोकावर ठरावीक खूण करावी, कारण दहा मिनिटांनी वरचे कोणते आणि खालचे कोणते, हे कोणालाच आठवत नाही.

दुसरी खात्री प्रवाहाची. वरच्या धमनीचा क्लॅम्प (वाहिनी बंद ठेवणारा चिमटा) सोडल्यावर धार उडाली पाहिजे. थेंब थेंब येणाऱ्या धमनीला काहीही जोडू नये. धार येत नसेल तर रुग्णाचा रक्तदाब, शरीराचे तापमान आणि वाहिनीचे आकसणे या क्रमाने तपासावे. आकसणे सोडवण्यासाठी कोमट सलाइन, बाहेरून लावलेले लिग्नोकेन किंवा पॅपाव्हेरिन वापरावे आणि मग दहा मिनिटे हात मागे घेऊन थांबावे. पॅपाव्हेरिन रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळू नये. साका तयार होतो.

तोंड धुण्यासाठी हिपॅरिनचे सलाइन वापरले जाते, साधारण १०० युनिट प्रति मिलिलिटर. ५००० युनिटचे एक मिलिलिटर ५० मिलिलिटर सलाइनमध्ये घातले की ते तयार होते. बाजारात निरनिराळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात, म्हणून मिसळण्यापूर्वी लेबल दोघांनी मोठ्याने वाचावे. धुताना सुईचे तोंड अस्तराला लागू देऊ नये.

बाहेरचे सैल आवरण फक्त तोंडापुरते, एक-दोन मिलिमीटर, छाटावे. ते आत लोंबले तर गुठळीला आयताच खुंटा मिळतो. पण लांबवर सोलत गेले तर भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो. वाहिनी नेहमी या बाहेरच्या आवरणाला धरून उचलावी, भिंत चिमट्याच्या दोन्ही पात्यांत कधीही धरू नये. क्लॅम्पचा दाब प्रति चौरस मिलिमीटर ३० ग्रॅमच्या आत असावा. जुने, ढिले-घट्ट झालेले क्लॅम्प वेळेवर बाद करणे हाही प्रतिबंधच आहे, जरी खरेदी विभागाला तसे वाटत नसले तरी.

एक मिलिमीटरच्या धमनीला १०-० जाडीचा नायलॉनचा धागा आणि दोन मिलिमीटरच्या आसपास ९-० पुरेसे होते. अॅलेक्सिस कॅरेल यांनी तोंडाची तीन समान भागांत विभागणी करून शिवण्याची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज कोणी तीन भागांत, कोणी दोन भागांत, कोणी मागची भिंत आधी शिवतो. कोणतीही रीत चालते, पण सुई काटकोनात आणि पूर्ण जाडीतून गेली पाहिजे, काठापासूनचे अंतर धमनीत भिंतीच्या जाडीच्या एक ते दोन पट असले पाहिजे आणि गाठ काठ जुळतील एवढीच आवळली पाहिजे. सर्वांत घातक चूक म्हणजे पुढचा टाका मागच्या भिंतीत जाणे. ती टाळण्यासाठी शेवटचे दोन-तीन टाके आधी न बांधता मोकळे ठेवावेत, आत नजर टाकावी आणि मग बांधावेत. एक मिलिमीटरच्या धमनीला सहा ते आठ टाके लागतात. गळणारा एखादा थेंब दाबून थांबतो; तो थांबवण्यासाठी घातलेला नववा टाका अनेकदा गुठळीचे कारण ठरतो.

शिरेसाठी कपलर (दोन टोके कडीने जोडणारे साधन) उपलब्ध असेल तर वेळ वाचतो आणि कडी जोड उघडा धरून ठेवते. त्याचा आकार मोजपट्टीने ठरवावा, अंदाजाने नव्हे. दोन्ही वाहिन्यांच्या व्यासात मोठा फरक असेल तर टोकाला टोक ओढूनताणून बसवण्यापेक्षा टोक कडेला जोडावे. बोटात शक्यतो प्रत्येक धमनीमागे दोन शिरा जोडाव्यात.

क्लॅम्प काढताना फ्लॅपमध्ये आधी शिरेचा आणि मग धमनीचा काढावा. प्रवाह पाहण्यासाठी जोडाच्या पुढे दोन चिमट्यांनी वाहिनी हलकेच दाबावी, पुढच्या चिमट्याने रक्त पुढे ढकलून मधला भाग रिकामा करावा आणि जोडाजवळचा चिमटा सोडावा; रिकामा भाग झटकन भरला तर जोड उघडा आहे. ही चाचणी पुन्हा पुन्हा करण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळी अस्तर घासले जाते. मग किमान १५ मिनिटे जोड सूक्ष्मदर्शकाखाली नुसता पाहावा. गुठळी व्हायचीच असेल तर ती बऱ्याचदा याच वेळात सुरू होते आणि येथे दिसलेली गुठळी सर्वांत स्वस्त असते.

त्वचा शिवताना वाहिन्यांचा मार्ग तपासावा: पीळ नाही, कोन नाही, खाली साचलेले रक्त नाही. त्वचा ताणून बंद करण्यापेक्षा त्वचेचा पातळ तुकडा लावणे किंवा जखम काही दिवस उघडी ठेवणे चांगले. मानेतील फ्लॅपमध्ये ट्रॅकिओस्टॉमीची नळी गळ्याभोवती फीत बांधून धरू नये. ती फीत बाहेरच्या शिरेवर बसते आणि फ्लॅप निळा पडतो. नळी त्वचेला टाक्यांनी धरावी आणि हे वॉर्डात सर्वांना ठळक अक्षरांत लिहून कळवावे.

औषधांचे खरे स्थान

पायातील शिरांमध्ये आणि फुप्फुसात होणाऱ्या गुठळ्या टाळण्यासाठी एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा त्वचेखाली, किंवा साधे हिपॅरिन ५००० युनिट दिवसातून दोन-तीनदा, हे बहुतेक फ्लॅप रुग्णांना द्यावेच. हे रुग्ण तासन्‌तास झोपून असतात आणि त्यांपैकी अनेकांना कर्करोग असतो. मूत्रपिंड कमकुवत असेल तर एनॉक्सापॅरिनची मात्रा कमी करावी आणि पाठीत एपिड्युरल नळी असेल तर ती काढणे व मात्रा देणे यांत १२ तासांचे अंतर भूलतज्ज्ञांशी ठरवावे. अॅस्पिरिन ७५ ते ३२५ मिलिग्रॅम अनेक केंद्रे देतात. त्याने जोड वाचतो याचा पुरावा पातळ आहे, पण ते स्वस्त आणि बऱ्यापैकी निर्धोक आहे.

डेक्स्ट्रान हे गुठळी टाळण्यासाठी नसेतून दिले जाणारे द्रव मात्र मी वापरत नाही. डोके व मान यांच्या पुनर्रचनेतील रुग्णांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत त्याने फ्लॅप अधिक वाचले नाहीत, उलट फुप्फुसात पाणी होण्यासारखे शरीरभराचे त्रास अॅस्पिरिनच्या तुलनेत कितीतरी वाढले. सवय म्हणून चालत आलेली औषधे बंद करणे नवी सुरू करण्यापेक्षा अवघड असते.

नसेतून पूर्ण मात्रेत हिपॅरिन प्रत्येक रुग्णाला देण्याची गरज नाही. त्याने जखमेत रक्त साचते आणि साचलेले रक्त शिरेला दाबते, म्हणजे ज्या गुठळीसाठी औषध दिले तीच होते. चिरडून तुटलेले बोट, शिरेचे कलम, टेबलावरच एकदा झालेली गुठळी अशा ठिकाणी ते समजून द्यावे. हिपॅरिन सुरू झाल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट निम्म्याहून कमी झाल्या, तर हिपॅरिनमुळेच प्लेटलेट घटून उलट गुठळ्या होण्याच्या विकाराची शंका घ्यावी आणि नळ्या धुण्याच्या सलाइनसकट सगळे हिपॅरिन, एनॉक्सापॅरिनही, थांबवावे.

भूलतज्ज्ञांचा वाटा मोठा आहे. रुग्ण उबदार ठेवणे, दर तासाला किलोमागे अर्धा ते एक मिलिलिटर लघवी होईल इतकाच द्रव देणे, वरचा रक्तदाब १०० च्या वर राखणे आणि हाताच्या शस्त्रक्रियेत चेतातंतूंच्या जाळ्याजवळ नळी ठेवून बधिरता चालू ठेवणे, या गोष्टी कोणत्याही इंजेक्शनपेक्षा वाहिन्या जास्त उघड्या ठेवतात. रक्तदाब वाढवण्यासाठी नॉरअॅड्रिनॅलिन दिले तर फ्लॅप मरतो, ही जुनी भीती पुढील अभ्यासांत टिकली नाही. कमी दाबावर पाण्याचा मारा करण्यापेक्षा त्याची माफक मात्रा बरी.

पहिले ७२ तास

पहिले ४८ तास दर तासाला आणि नंतर ७२ तासांपर्यंत दोन ते चार तासांनी तपासणी करावी, शक्यतो त्याच प्रकाशात, आणि तपासणारी व्यक्ती बदलताना दोघींनी मिळून एकदा पाहावे. धमनी बंद झाली तर फ्लॅप फिकट, थंड, पिचका होतो. दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंदांहून अधिक लागतात किंवा येतच नाही. शीर बंद झाली तर फ्लॅप निळसर-जांभळा, टम्म फुगलेला होतो आणि रंग एका सेकंदाच्या आत परततो. हा झटपट परतणारा रंग नवख्याला चांगले लक्षण वाटतो आणि तेथेच घोटाळा होतो.

सावळ्या त्वचेवर रंग वाचणे कठीण असते आणि परदेशी पाठ्यपुस्तकांतील गुलाबी चित्रे आपल्या वॉर्डात फारशी कामाची नाहीत. येथे सुई टोचून पाहणे अधिक विश्वासाचे. वाहिन्यांपासून दूर बारीक सुई टोचावी: लाल रक्त दोन-तीन सेकंदांत आले तर ठीक, आलेच नाही तर धमनी, आणि गडद रक्त लगेच भळभळले तर शीर. बोटाच्या तापमानाची नोंद शेजारच्या बोटाशी तुलना करून ठेवावी. दोन अंशांहून अधिक घसरण किंवा ३० अंश सेल्सिअसच्या खालचा आकडा धोक्याचा समजावा. हातातला ८ मेगाहर्ट्झचा डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे यंत्र) उपयोगी आहे, पण शिरेचा आवाज बंद झाल्यावरही धमनीचा आवाज काही काळ येत राहतो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

रेसिडेंट असताना एका रात्री दोन वाजता सिस्टरांनी मला बोलावले. ‘डॉक्टर, फ्लॅप मघापेक्षा निळा वाटतो’. मी पाहिले, डॉप्लर वाजला, मी ‘खरचटल्याचा रंग असेल, सकाळी पाहू’ असे म्हणालो. सकाळी सात वाजता शिरेत वीतभर गडद गुठळी निघाली आणि तो फ्लॅप गेला. सिस्टरांनी तक्त्यावर वेळ लिहिली होती: १.५५. त्या दिवसापासून मी तासाचा तक्ता स्वतःच्या नजरेपेक्षा अधिक मानतो.

गुठळीची शंका आल्यावर, क्रमाने

एक. ड्रेसिंग सैल करावे, आवळणारे दोन-चार टाके पलंगावरच कापावेत, हाताची किंवा मानेची ठेवण बदलावी, साचलेले रक्त दिसले तर ते बाहेर काढावे. रक्तदाब, तापमान आणि हिमोग्लोबिन पाहावे. या सर्वांना मिळून पंधरा-वीस मिनिटे. एवढ्याने रंग सुधारला नाही तर स्कॅनची वाट पाहू नये, वरिष्ठ आणि ओटी या दोघांना एकाच वेळी फोन करावा. लवकर उघडलेल्या फ्लॅपपैकी निम्म्याहून अधिक वाचतात. सहा तासांनी उघडलेल्यांचे चित्र वेगळे असते. विनाकारण उघडलेला फ्लॅप ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

दोन. उघडल्यावर आधी हात न लावता पाहावे, कारण बिघाडाचे मूळ तेथेच असते आणि उचकटले की ते नाहीसे होते: पीळ, कोन, गाठीने आवळलेली फांदी, खालचे रक्त, ताण. कारण सापडले नाही तर नुसता जोड पुन्हा करून बाहेर पडू नये. तीच गुठळी तेथेच परत होते.

तीन. जोड उघडावा, गुठळी चिमट्याने सावकाश ओढून आणि हिपॅरिनच्या सलाइनने हलके धुऊन काढावी. लांब वाहिनीत शिरलेली गुठळी सर्वांत बारीक फोगार्टी कॅथेटरने (टोकाला फुगा असलेल्या नळीने) काढता येते, पण फुगा अस्तर खरवडतो. म्हणून एकदाच, कमी फुगवून, आणि एक मिलिमीटरच्या वाहिनीत अजिबात नाही. खराब झालेला भाग कापून टाकावा, लांबी कमी पडली तर शिरेचे कलम घालावे. शिरेत गुठळी झाली असेल तर धमनीचाही जोड तपासावा. एक बंद पडल्यावर दुसरी मागोमाग जाते.

चार. क्लॅम्प सोडण्यापूर्वी हिपॅरिनचे ३००० ते ५००० युनिट नसेतून द्यावेत आणि पुढे एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) नेहमीच्या दीड ते दोन पट राहील असे चालू ठेवावे. हिपॅरिन पुढची गुठळी रोखते, झालेली विरघळवत नाही, हे भान ठेवावे.

पाच. मोठ्या वाहिन्या स्वच्छ आहेत, धमनीत धार आहे, तरीही शिरेतून रक्त बाहेर येत नाही, तेव्हा गुठळी फ्लॅपच्या आतल्या बारीक जाळ्यात असते. येथे गुठळी विरघळवणारे औषध, अल्टेप्लेझ किंवा युरोकायनेझ, फ्लॅपच्या धमनीतून थोड्या मात्रेत देता येते. धमनीचा वरचा क्लॅम्प बंद ठेवावा, शीर तोडलेली आणि उघडी ठेवावी, म्हणजे औषध आणि विरघळलेले रक्त दोन्ही शरीरात न जाता गॉजवर येते. शिरेतून येणारे द्रव स्वच्छ झाले, मग ताजे लाल रक्त दिसले, की शीर पुन्हा जोडावी. नुकताच मेंदूत रक्तस्राव किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात हा मार्ग विचार करूनच घ्यावा. बारा तास बंद राहिलेल्या फ्लॅपमध्ये याने चमत्कार होत नाही. तेव्हा फ्लॅप काढून दुसरी योजना आखणे रुग्णाच्या हिताचे असते.

शीर मिळालीच नाही तर

नखाच्या मुळापलीकडे तुटलेल्या बोटात जोडण्याजोगी शीर अनेकदा सापडत नाही. धमनी चालू असेल तर नव्या शिरा वाढेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, रक्त बाहेर पडण्याची दुसरी वाट करून द्यावी लागते. नख काढून त्याखालच्या गादीवर हिपॅरिनमध्ये भिजवलेला गॉज ठेवून दर एक-दोन तासांनी हलके घासणे ही एक रीत. बोटाच्या टोकाला माशाच्या तोंडासारखा छेद देणे ही दुसरी.

तिसरी जळवांची. सुश्रुतांनी बारा प्रकारच्या जळवा सांगून सहा विषारी आणि सहा निर्विष अशी वाटणी केली होती; आजचा धोका विषाचा नसून जंतूंचा आहे. जळूच्या आतड्यात एरोमोनास जंतू राहतात, म्हणून पहिली जळू लावण्यापूर्वीच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल सुरू करावे. तळ्यातून आणलेल्या जळवा वापरू नयेत. ज्यांचे पालन नियंत्रित ठिकाणी होते अशाच घ्याव्यात. जळवा फक्त शिरेच्या अडथळ्यात लावायच्या. धमनी बंद असलेल्या फिकट बोटावर जळू धरतच नाही, आणि ती धरत नाही हीसुद्धा माहितीच आहे. एक जळू अर्ध्या-पाऊण तासात पाच ते पंधरा मिलिलिटर रक्त पिते आणि आपोआप सुटते. ओढून काढू नये, तिचे दात आत राहतात. तिच्या लाळेतील हिरुडिनमुळे जखमेतून पुढे कित्येक तास रक्त झिरपत राहते आणि खरा उपयोग त्याचाच असतो. भोवती गॉजची भिंत करावी, नाहीतर ती जखमेत किंवा पट्टीखाली शिरते. वापरलेली जळू दुसऱ्या रुग्णाला कधीही लावू नये. अल्कोहोलमध्ये मारून जैविक कचऱ्यात टाकावी.

या काळात रुग्णाचे रक्त सतत जात असते, म्हणून हिमोग्लोबिन दर १२ तासांनी पाहावे, रक्तपेढीत दोन पिशव्या जुळवून ठेवाव्यात आणि रक्त चढवावे लागण्याची शक्यता रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावी. सुरुवातीला दोन-तीन तासांनी जळू लागते, मग अंतर वाढत जाते. एक जळू सुटल्यावर पुढची लावण्याची वेळ झाली तरी बोट निळे पडत नाही, सुई टोचल्यावर येणारे रक्त काळपट न राहता लाल दिसते, असे सलग २४ तास झाले, की जळवा थांबवाव्यात.